पार्किंगचं ठरलं, चालणाऱ्याचं काय?

प्रति,
अंबाबाई मंदिर विकास आराखड्याचे काम पाहणारे अधिकारी व सल्लागार,
तसेच जुन्या शहरातली सर्व तालीम मंडळे,
कोल्हापूर.

विषय: पेठांतून एकट्याने पायी फिरणाऱ्या पाहुण्याची सोय.

सप्रेम नमस्कार.

मे २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने अंबाबाई मंदिराच्या १,४४५ कोटी रुपयांच्या विकास आराखड्याला मान्यता दिली. तेव्हापासून गावात बोलणे चालू आहे ते भूसंपादनाचे, वाहनतळाचे आणि दर्शनरांगेचे. त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. हे पत्र आहे ते गाडीशिवाय, सोबतीशिवाय, पाठीवर एक सॅक घेऊन स्टँडवर किंवा रेल्वे स्टेशनवर उतरणाऱ्या पाहुण्याबद्दल. त्याला देवीचे दर्शन घ्यायचे असते आणि त्यानंतर पेठाही पाहायच्या असतात. तो आला काय नि गेला काय, आपल्या नोंदीत कुठेच येत नाही, कारण आपण गाड्या मोजतो.

आमचे म्हणणे एवढेच आहे की आराखड्यातले प्रत्येक काम या एकट्या माणसाला धरून तपासा. घोळक्याने आलेल्यांच्या अडचणी घोळकाच भागवून नेतो. एक जण चपला सांभाळतो, दुसरा रांगेत उभा राहतो, तिसरा पाण्याची बाटली आणतो. बाई स्वच्छतागृहात गेली तर बाहेर तिची पर्स धरायला कुणीतरी असते. एकट्याला हे सगळे गावानेच पुरवावे लागते, आणि गाव कुठे कमी पडते ते त्याच्यामुळेच लख्ख दिसते. त्याची सोय झाली की म्हाताऱ्यांची, लेकुरवाळ्यांची आणि रोज मंडईला जाणाऱ्या पेठकरांचीही आपोआप होते.

आधी वाट सांगतो, कारण बाकीचे सगळे या वाटेवरच घडते. बिंदू चौकातून निघावे. तिथून भवानी मंडप, पूर्व दरवाज्याने अंबाबाईचे मंदिर, त्याच दरवाज्याने बाहेर, मग केशवराव भोसले नाट्यगृह आणि खासबाग मैदान, मिरजकर तिकटी (तिकटी म्हणजे तीन रस्ते मिळतात तो नाका), बिनखांबी गणेश, महाद्वार रोड, पापाची तिकटी, गंगावेश, शुक्रवार गेट, पंचगंगा घाट, ब्रह्मपुरी, टाउन हॉल आणि शेवटी दसरा चौक. सगळे मिळून साधारण पाच किलोमीटर. नुसते चालायचे तर सव्वा तास पुरतो. बघत, थांबत, चहा घेत गेले तर चार तास. सकाळी साडेसहाला निघावे, म्हणजे देवळात तुलनेने रांग कमी असते, तालमींत मेहनत चालू असते आणि टाउन हॉलचे वस्तुसंग्रहालय उघडायच्या सुमाराला माणूस तिथे पोचतो.

ही वाट आम्ही नव्याने शोधलेली नाही. मिरजकर तिकटी, बिनखांबी, महाद्वार, पापाची तिकटी, गंगावेश हा अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीचा पिढ्यान्‌पिढ्यांचा मार्ग आहे. त्या एका दिवसासाठी लोंबणाऱ्या तारा वर घेतल्या जातात, खड्डे बुजवले जातात, आड येणाऱ्या फांद्या छाटल्या जातात. म्हणजे काम कसे करायचे ते यंत्रणेला पाठ आहे. तेच काम वर्षभर टिकवायचे आहे.

आता या वाटेवर काय काय बिघडते ते क्रमाने. क्रम वाटेप्रमाणे आहे, महत्त्वाप्रमाणे नाही.

बिंदू चौकात जुन्या तटबंदीचा उरलेला तुकडा आहे. हा चौक म्हणजे पूर्वीची रविवार वेस. भाई माधवराव बागल यांच्या पुढाकाराने इथे १९५० मध्ये महात्मा फुले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे पुतळे बसले. आंबेडकर तेव्हा हयात होते. एवढी मोठी गोष्ट, आणि बाहेरचा माणूस तिथून वाहनतळाची पावती घेऊन पुढे जातो. पुतळ्यांपाशी आणि तटापाशी माहितीचा एकेक फलक हवा. पण पुतळ्यांचा फलक चौकाच्या मधोमध नको. वाहतूक चुकवून वाचायला जाणार कोण? पदपथावर, पुतळ्याकडे तोंड करून उभे राहता येईल असा लावा.

सॅकचा प्रश्न इथेच मिटवायला हवा. स्टँडवरचे सामानघर मंदिरापासून दोनेक किलोमीटरवर पडते. तिथे सामान ठेवून चालत यायचे आणि परत न्यायला जायचे, यात एकट्याचा तास जातो. म्हणून तो सॅक घेऊनच येतो, आणि देवळाच्या दारात त्याची कोंडी होते. सॅक आत नेता येत नाही, बाहेर कुणाकडे देता येत नाही. शेवटी पेढ्या-नारळाच्या दुकानात ठेवतो आणि बदल्यात नको असलेले ओटीचे ताट घेतो. बिंदू चौकातल्या वाहनतळाशेजारी एक खोली काढा. पहाटे पाच ते रात्री दहा, म्हणजे साधारण मंदिराच्या वेळेइतकी उघडी. नगाला ठरलेला दर, दर फलकावर लिहिलेला. बिल्ल्याचा एक तुकडा सॅकला, एक माणसाकडे. मोबाइल चार्ज करायला दहा-बारा सॉकेट असले तर फारच उत्तम, कारण एकट्याचा नकाशा, तिकीट आणि पैसे तिन्ही त्या एका फोनमध्ये असतात. टाउन हॉलपासून चालत परत बिंदू चौकात यायला पंधरा-वीस मिनिटे लागतात, तेवढे तो येईल.

मंदिरातली मोठी गफलत चपलांची. चार दिशांना चार दारे: पश्चिमेला महाद्वार, उत्तरेला घाटी दरवाजा, पूर्वेला पूर्व दरवाजा आणि दक्षिणेला विद्यापीठ हायस्कूलकडचा. माणूस एका दाराशी चपला काढतो, गर्दीबरोबर वाहत जातो आणि भलत्याच दाराने बाहेर पडतो. घोळक्यातला एखादा चिरंजीव धावत जाऊन सगळ्यांच्या चपला आणतो. एकट्याला मात्र एप्रिलच्या दुपारी डांबरावरून अनवाणी निम्म्या देवळाला बाहेरून वळसा घालावा लागतो. उपाय स्वस्त आहे. चपलांच्या बिल्ल्याला दाराप्रमाणे रंग द्या आणि तोच रंग आतून त्या दाराच्या चौकटीवर, डोक्याच्या वर, दिसेल असा लावा. दर्शन करून बाहेर आलेल्या माणसाला चारही दारे सारखीच दिसतात. हातातला बिल्ला हिरवा असेल तर तो हिरवे दार शोधेल. आणि आवारातली फरशी तापते तिथे काथ्याची पट्टी घाला, मधूनमधून पाणी मारा.

देवळाची बाहेरची भिंत हा या सगळ्या सहलीतला पाहण्यासारखा भाग. काळ्या दगडाचे तारकाकृती वळण घेत गेलेले कोपरे, त्यावर वादक, नर्तकी, योगिनी. मान वर केली की दगडी बांधकाम कुठे संपते आणि नंतरच्या काळातले विटा-चुन्याचे शिखर कुठे सुरू होते ते नुसत्या डोळ्यांनी कळते. पण ते पाहायला भिंतीपासून सात-आठ फूट मागे उभे राहावे लागते, आणि तेवढ्यात रांगेचे कठडे येतात. रांग भिंतीला चिकटून असली की शिल्पांना खांदे आणि पिशव्या घासतात हा तोटा वेगळाच. कठडे भिंतीपासून अडीच-तीन फूट बाहेर घ्या. प्रदक्षिणेच्या मार्गावर कोपऱ्यांपाशी दोन जागा अशा राखा की माणूस रांगेच्या आड न येता पाच मिनिटे उभा राहू शकेल. आवारात फोटोला बंदी असल्याने लोक डोळ्यांनीच बघतात. त्यांना निदान बघू तरी द्या.

किरणोत्सवाची वाट आपण किती जपतो बघा. ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी आणि ९ ते ११ नोव्हेंबर या दिवसांत मावळतीचे किरण महाद्वारातून आत येतात. पहिल्या दिवशी देवीचे चरण, मग वर सरकत तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत. त्या वाटेत कुणाची टाकी, कुणाचा मजला, कुणाचा फलक येतो याची पाहणी होते, मोजमाप होते, चर्चा होते. हे योग्यच आहे. तसेच मोजमाप एकदा पायांच्या वाटेचे करा.

त्यासाठी आकडाही तयार आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचारी सुविधांच्या मार्गदर्शिकेत मोकळी चालण्याची रुंदी किमान १.८ मीटर आणि उंची २.२ मीटर धरली आहे. मोकळी म्हणजे खांब, विजेचा डीपी बॉक्स, दुकानाची पायरी आणि उभी केलेली मोटरसायकल वजा जाता उरलेली. टेप घेऊन महाद्वार रोडला जा आणि दर पन्नास पावलांवर मोजा. कागदावर दिसणारा पदपथ आणि जमिनीवरची मोकळी जागा यांचा मेळ कुठे कुठे सुटतो, ते तिथल्या तिथे कळेल. फेरीवाल्यांना हुसकून हा प्रश्न सुटत नाही. आठवड्यात ते परत येतात, कारण गिऱ्हाईक तिथेच आहे. पांढरा पट्टा मारून त्यांची जागा ठरवा आणि पट्ट्याच्या अलीकडचे १.८ मीटर कुणाचेच नाहीत हे रोज सकाळी एकदा सांगायला माणूस ठेवा. पट्टा मारणे सोपे, रोज सांगणे अवघड. कामे मोडतात ती इथेच.

बोळांत पदपथ करूच नका. आठ फुटांच्या बोळात दोन फुटांचा ओटा काढला की चालणारा रस्त्यावर येतो आणि ओट्यावर गाडी लागते. तिथे फरसबंदी एकसपाट ठेवा, गटाराची झाकणे फरशीच्या पातळीत बसवा आणि सकाळी सात ते दहा चारचाकी बंद करा. झाकण अर्धा इंच वर राहिले तर ठेच लागते, अर्धा इंच खाली राहिले तर पावसात डबके होते. अशा कामात देखरेख म्हणजे एवढेच असते.

आता खासबाग. शाहू महाराजांनी बांधवलेले हे कुस्तीचे मैदान १९१२ मध्ये पूर्ण झाले. मध्ये हौदा, म्हणजे कुस्तीचा मातीचा आखाडा, आणि चहूबाजूंनी उतरती बैठक, त्यामुळे शेवटच्या माणसालाही पैलवानाची पकड दिसते. शेजारचे पॅलेस थिएटर १९१५ चे. पुढे त्याला संगीतसूर्य केशवराव भोसले यांचे नाव मिळाले. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, ते आगीत जळाले. लांबून आलेल्या माणसाला तिथे काय झाले, काय उभे राहते आहे, कामात जुने काय राखले आहे, हे कळायला हवे. बांधकामाच्या पत्र्यांवर पुढाऱ्यांचे फ्लेक्स लावायला जागा मिळते, तर दोन चित्रे आणि दहा ओळी लावायलाही मिळेल. मैदानाचे म्हणाल तर कुस्त्या नसतात त्या दिवशी पाहुण्याच्या वाट्याला बंद फाटक येते. रोज सकाळी दोन तास एक राखणदार आणि उघडे फाटक, बस्स. हौद्यात उतरू नये, बैठकीवरून पाहावे, ही सूचना मात्र ठळक लिहा.

पत्ते आणि पाट्या यांवर जरा सविस्तर लिहितो, कारण परगावचा माणूस कोल्हापुरात सगळ्यात जास्त चुकतो तो नावांमुळे. मिरजकर तिकटी आणि माळकर तिकटी ही नावे अनोळखी कानाला एकच वाटतात. एक मंदिराच्या दक्षिणेकडे, दुसरी उत्तरेला महापालिकेपाशी. शिवाजी चौक, शिवाजी पेठ, शिवाजी पूल आणि शिवाजी विद्यापीठ ही चार टोके. "राजवाडा" म्हटले की रिक्षावाला विचारतो जुना की नवा. पाहुण्याला दोन आहेत हेच माहीत नसते, आणि जुन्या राजवाड्याच्या भवानी मंडपाऐवजी तो कसबा बावड्याच्या वाटेवरच्या नव्या राजवाड्यापाशी उतरतो. रंकाळा स्टँडवर उतरल्यावर समोर तलाव असेल असे त्याला वाटते, तो नसतो. त्यात फोनवरचा नकाशा रस्त्याचे कागदोपत्री नाव दाखवतो, जे गल्लीत कुणी उच्चारत नाही. विचारायला गेले तर एकाला विचारल्यावर तिघे सांगतात, आणि प्रेमाने सांगतात, पण सांगतात असे: "हितनं सरळ जावा, तालमीपास्नं डावीकडं वळा, मंडळाचा बोर्ड लागला की उजवी मारा." तालीम कशी ओळखायची आणि मंडळ कुठले, हे पाहुण्याला कोण सांगणार?

म्हणून पाट्यांवर लोक वापरतात तीच नावे लिहा. तिकटीला तिकटी, बोळाला बोळ, तालमीचे नाव तालमीच्या भिंतीवर, मराठीत मोठे आणि खाली इंग्रजीत लहान. अंतर किलोमीटरमध्ये नको, चालण्याच्या मिनिटांत लिहा. "गंगावेश ७ मिनिटे" हे थकलेल्या माणसाला जास्त कळते. पाटी डोळ्यांच्या उंचीला, जमिनीपासून पाच-सहा फुटांवर. दहा फुटांवरची पाटी गाडीवाल्यासाठी असते. आणि पाटी दोन्ही बाजूंनी रंगवा, कारण चालणारा दोन्हीकडून येतो.

"आपण येथे आहात" छाप नकाशांत एक चूक हमखास होते. नकाशा उत्तर वर धरून छापतात आणि कुठल्याही भिंतीवर ठोकतात. वाचणारा दक्षिणेकडे तोंड करून उभा असेल तर नकाशातले उजवे त्याच्या डावीकडे असते. मनातल्या मनात नकाशा फिरवणे भल्याभल्यांना जमत नाही. मग तो आत्मविश्वासाने उलट्या दिशेला चालू लागतो. नियम सोपा: भिंतीसमोर उभ्या माणसाच्या पुढची दिशा नकाशात वर हवी. म्हणजे प्रत्येक जागेसाठी नकाशा वेगळा छापावा लागेल. खर्च कागदाचाच आहे, पण आधी जागेवर जाऊन उभे राहावे लागते, म्हणून कुणी करत नाही.

आणि फ्लेक्स. ही पाटी बसवल्यावर पंधरवड्यात तिच्यावर कुणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा चढणार, हे आपण सगळे जाणतो. इथे तालीम मंडळांनी मनावर घेतले तरच निभेल. पाटी तालमीच्या नावाची असेल तर तालीमच तिची राखण करील, असा आमचा अंदाज आहे.

मंडळांनो, तुमच्याकडे आणखी एक मागणे. गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी ही नावे कुस्तीशौकिनांना देशभर ठाऊक आहेत. एकटा पाहुणा पहाटे तालमीच्या दारात येतो, आत जाऊ की नको म्हणून घुटमळतो आणि निघून जातो. दारावर चार ओळी लिहा: पाहुण्यांनी कोणत्या वेळेत यावे, चपला कुठे काढाव्यात, वस्तादांना विचारल्याशिवाय फोटो काढू नये, हौद्याच्या मातीवर पाय देऊ नये. स्त्रियांनी यावे की नाही तेही स्पष्ट लिहा. अमुक वेळ ठरवली तर त्याही येतील, पैलवानही अवघडणार नाहीत. लाल मातीत तेल, ताक, हळद, लिंबू का मिसळतात, ती रोज का खणतात, हे सांगायला एखादा जुना पैलवान दहा मिनिटे बसला तर पाहुणा आयुष्यभर लक्षात ठेवील.

स्वच्छतागृहांबद्दल थोडक्यात लिहिता येत नाही. पाच किलोमीटरच्या वाटेवर दर पाचशे-सहाशे मीटरला एक हवे, म्हणजे आठ ते दहा. महत्त्वाच्या जागा चार: बिंदू चौक, खासबाग, कपिलतीर्थ मंडई आणि पंचगंगा घाट. आराखड्यात संख्या लिहिली जाते, आतला तपशील राहतो. एकटी आलेली बाई आत गेली की सॅक कुठे ठेवणार? जमीन ओली, बाहेर धरायला कुणी नाही. दाराच्या आतल्या बाजूला, खांद्याच्या उंचीवर, आठ-दहा किलो पेलेल असा एक मजबूत आकडा लागतो. पत्र्याच्या दाराला स्क्रूने लावलेला आकडा महिन्यात निखळतो. तो भिंतीत रोवा, कडीच्या बाजूच्या. कडी आतून बसणारी, दिवा दिवसाही लागणारा, पाणी नळाला आणि साफसफाईच्या वेळांचा कागद दारावर. आकड्याचा खर्च पन्नास-शंभर रुपये असेल, आणि स्वच्छतागृह वापरण्याजोगे आहे की नाही हे बऱ्याचदा त्यावरच ठरते.

गंगावेशीपासून उतार लागतो. शुक्रवार पेठेतून जैन मठावरून खाली घाटावर गेले की गाव एकदम मोकळे होते: दगडी पायऱ्या, पाण्यात उतरलेली देवळे, छत्रपती घराण्याच्या समाध्या, पलीकडे शिवाजी पूल. हिवाळ्यात सकाळी इथे अर्धा तास बसावे. पावसाळ्यात मात्र हीच जागा दगा देते. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत पाणी ५५ फुटांच्या वर गेले. पण घाटाच्या खालच्या पायऱ्या इशारा पातळीच्या कितीतरी आधी बुडतात, आणि पाणी ओसरल्यावर त्यांवर गाळ आणि शेवाळ राहते. एकटा माणूस घसरला तर हाक मारायला शेजारी कुणी नसते. पावसाळ्यात बंधाऱ्याची पातळी प्रशासन रोज जाहीर करतेच. तीच गंगावेशीत एका फळ्यावर खडूने लिहा, आणि खाली "घाट सुरू" किंवा "घाट बंद". पाहुण्याला फुटांचे गणित कळत नाही, हे दोन शब्द कळतात. पाणी उतरल्यावर पायऱ्या धुऊन खरवडल्याशिवाय "सुरू" लिहू नका. अंधार पडल्यावर घाटावर जाऊ नये असे आम्ही येणाऱ्यांना सांगतो. दिवे चांगले लागले तर सांगणे बदलू.

घाटाच्या वरच्या अंगाला ब्रह्मपुरीची टेकडी. १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी इथे उत्खनन केले. याच टेकडीवर समुद्रदेव पोसायडनची रोमन बनावटीची कांस्यमूर्ती मिळाली, म्हणजे सातवाहन काळात पंचगंगेकाठच्या या वस्तीचा व्यापार समुद्रापलीकडे पोचला होता. मूर्ती टाउन हॉलच्या संग्रहालयात आहे. टेकडीवर आज त्याची काही खूण नाही, आणि संग्रहालयात मूर्ती पाहणाऱ्याला ती सापडली ती जागा इथून चालत दहा-पंधरा मिनिटांवर आहे हे कळत नाही. दोन्हीकडे एकेक फलक लावून ही गाठ बांधून द्या. संग्रहालय सोमवारी बंद असते हेही घाटावरच लिहा, म्हणजे चढण चढून कुलूप बघायला लागणार नाही. पुढे दसरा चौकात मुस्लिम, जैन, लिंगायत अशी बोर्डिंगे, म्हणजे विद्यार्थ्यांची वसतिगृहे, एकमेकांच्या शेजारी उभी आहेत आणि मध्ये शाहू महाराजांचा पुतळा. चौकाला एक फेरी मारली की शाहू महाराजांचे शिक्षणाचे काम दगडमातीत दिसते.

बाजार सकाळच्या फेरीत येत नाही, कारण गुजरी हा सराफ बाजार आणि चप्पल लाईन दहा-अकराशिवाय हलत नाहीत. त्यासाठी संध्याकाळ. गुजरीत कोल्हापुरी साज हा गळ्यातला दागिना पाहावा: दहा अवतारांची पाने, अष्टमंगलाची आठ, दोन पानड्या आणि एक डोरले, अशी एकवीस. चप्पल लाईनीत तळ आणि पट्टे चामड्याच्या वादीने शिवलेले आहेत की नुसते चिकटवलेले, ते कडेने वाकवून पाहावे. कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन २०१९ मध्ये मिळाले, तरी रेक्झिनची नक्कल त्याच दोरीला टांगलेली असते. आणि नवी जोडी घालून लगेच पुढे चालू लागू नये. अंगठ्याजवळचा पट्टा गंगावेशीपर्यंत फोड आणतो. चार दिवस तेल लावून, घरात घालून नरम करावी लागते. व्यापारी संघटनांनी असली माहिती दुकानाबाहेर लिहिली तर विक्री घटणार नाही, वाढेल.

एक गोष्ट मात्र सुशोभीकरणातून वाचवा: दूध कट्टे. संध्याकाळी गंगावेशीत म्हशी येतात, गिऱ्हाइकासमोर धार काढली जाते आणि फेसाळलेला पेला हातात येतो. लोक उभ्यानेच पितात, मिशी पुसतात आणि चालू लागतात. कच्चे दूध सगळ्यांच्या पोटाला मानवत नाही, हे पाहुण्याने समजून घ्यावे. पण कट्टा स्वच्छ ठेवायचा म्हणून म्हशी हलवल्या आणि तिथे म्हशीचा फायबरचा पुतळा बसवला, असे होऊ नये. पाण्याचा नळ द्या, शेणासाठी डबा आणि रोज दोनदा उचल द्या.

जेवणाखाण्याची एकट्याला अडचण नाही. मिसळीच्या हॉटेलात चौघांच्या बाकावर पाचवा बसतोच. अडते ते मुक्कामाला. काही लॉज आणि यात्री निवास एकट्या माणसाला खोली देत नाहीत. बाई असेल तर आणखी प्रश्न. कायद्यात अशी बंदी कुठेही नाही. ओळखपत्र घेऊन नोंद केली की काम झाले. ज्या निवासांना आराखड्यातून पैसे किंवा जागा मिळणार आहे, त्यांच्या करारात "एकट्या प्रवाशाला खोली नाकारता येणार नाही" ही एक ओळ घाला, आणि एका खाटेच्या खोल्या ठेवा. तिघांच्या खोलीचे भाडे एकट्याने का भरावे?

या सगळ्याची पाहणी करायची असेल तर आमची विनंती अशी. आपल्यापैकी एकाने, सोबत शिपाई आणि गाडी न घेता, पाठीवर सहा-सात किलोची सॅक घेऊन बिंदू चौकातून निघावे. फोन खिशात ठेवावा, वाट लोकांना विचारावी, मंदिरात जाऊन यावे, घाटापर्यंत पोचावे आणि वाटेत निदान एकदा स्वच्छतागृह वापरावे. जिथे थांबावे लागले तिथे वहीत वेळ आणि कारण लिहावे. कामाच्या बैठकीत ती वही आधी वाचावी, नकाशे नंतर उघडावेत. निघायची वेळ सकाळी साडेसहा. मंगळवार-शुक्रवारी देवीचा वार म्हणून गर्दी असते, त्यातला एक दिवस मुद्दाम घ्यावा. सोमवार टाळावा, टाउन हॉल बंद असतो.

आपले,
पेठांतून पाहुण्यांना पायी फिरवणारे काही कोल्हापूरकर